हजेरीपटावर न दिसणारे दुखणे

पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या कोणत्याही बाईंना विचारा, त्या असे एक तरी मूल हमखास सांगतील. बोलायला चुरुचुरु, स्वभावाने लाघवी, कुणीही हाक मारली की त्याच्या मागे जाणारे. पण एका जागी पाच मिनिटे बसेल तर शपथ! सोमवारी आलेली बेरीज मंगळवारी साफ विसरलेली. ‘वही काढ, तारीख लिही आणि फळ्यावरचे उतरवून घे’ असे एका दमात सांगितले, तर वही तेवढी निघते. पुढचे सारे हवेत विरते. काल ज्या चुकीसाठी शिक्षा झाली तीच चूक आज पुन्हा, आणि तीही अगदी निरागस चेहऱ्याने. अशा मुलांसाठी आपल्याकडे शब्दांची वाण नाही. उनाड, मठ्ठ, हट्टी, लाडावलेले. मग आईला शाळेत बोलावणे जाते, घरी पाठीत धपाटा बसतो, आणि तरीही दुसऱ्या दिवशी मंगळवारची बेरीज विसरायची ती विसरतेच.

अशी सारीच मुले आजारी असतात असे मुळीच नाही. काही नुसतीच खोडकर असतात, काहींना ऐकू कमी येते, काहींच्या घरात काही बिनसलेले असते, तर काही वर्गात वयानेच सर्वांत लहान असतात. परंतु जगातल्या काही देशांत संशोधक थेट पहिलीच्या वर्गात गेले आणि त्यांनी मुले तपासली, तेव्हा काहींच्या या वागण्याचे मूळ त्यांच्या जन्माच्याही आधी सापडले. आई गरोदर असताना तिच्या पोटात गेलेल्या दारूने त्यांच्या घडत्या मेंदूला इजा केली होती. या इजेतून होणाऱ्या विकारांच्या समूहाला वैद्यकात ‘फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर’, थोडक्यात ‘एफएएसडी’ म्हणतात. ‘स्पेक्ट्रम’ म्हणजे पट्टा. त्याच्या एका टोकाला चेहऱ्यावरूनच ओळखता येईल असा तीव्र विकार, आणि दुसऱ्या टोकाला वरून अगदी चारचौघांसारखे दिसणारे, पण शिकताना पावलोपावली अडखळणारे मूल.

हा विकार किती मुलांना असतो? प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर मिळायला जवळजवळ अर्धे शतक लागले. आणि ते उत्तर मिळाले इस्पितळात नव्हे, शाळेत.

नाव मिळाले, मोजणी राहिली

फ्रान्समधल्या नांत शहरातले बालरोगतज्ज्ञ पॉल लेमवान यांनी १९६८ मध्ये दारू पिणाऱ्या आईबापांच्या १२७ मुलांचे वर्णन करणारा लेख लिहिला. फ्रेंच भाषेतला तो लेख फारसा कुणी वाचला नाही. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिएटल येथील केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये तशाच मुलांविषयी लिहिले आणि या आजाराला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिले. डोळ्यांच्या फटी आखूड, वरचा ओठ पातळ, नाक आणि ओठ यांच्यामधली उभी पन्हळ सपाट झालेली, उंची-वजन कमी आणि डोक्याचा घेर लहान, ही त्याची लक्षणे.

त्या काळची समज किती वेगळी होती, हे एका गोष्टीवरून ध्यानात येईल. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढेही काही वर्षे, अकाली सुरू झालेल्या कळा थांबवण्यासाठी डॉक्टर स्वतःच गरोदर बाईला शिरेतून अल्कोहोल देत असत. ती तेव्हाची मान्य उपचारपद्धती होती. वारेमुळे बाळ सुरक्षित राहते, असा सर्वसाधारण समज होता. प्रत्यक्षात वार अल्कोहोलला अडवतच नाही. आईच्या रक्तात जेवढे अल्कोहोल, जवळपास तेवढेच थोड्या वेळात बाळाच्या रक्तात उतरते. आईचे यकृत त्याचा निचरा करते. बाळाचे यकृत अजून तेवढे तयार झालेले नसते. शिवाय ते गर्भजलातही रेंगाळते.

चेहऱ्याची ती खास ठेवण बिघडते ती गर्भधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत. पुष्कळदा तोवर आईला दिवस गेल्याचेही कळलेले नसते. मेंदू मात्र पूर्ण नऊ महिने घडत असतो, त्यामुळे त्याला कधीही धक्का पोचू शकतो. म्हणूनच इजा झालेल्या बहुसंख्य मुलांच्या चेहऱ्यावर तिची काहीच खूण नसते. आणि खूण नसली, की निदानही होत नाही.

इस्पितळांच्या कागदपत्रांवरून अमेरिकेत जी मोजणी होत असे, तिच्यात या तीव्र विकाराचे प्रमाण हजार जन्मांमागे दीडच्या वर क्वचितच जाई. ते कमी भरणे साहजिक होते. नवजात बाळाच्या सुजट चेहऱ्यावर ओठ-पन्हळ नीट वाचता येत नाही. पाळण्यातल्या मुलाला बेरीज येते की नाही हे कळायचा प्रश्नच नसतो. डॉक्टर दारूविषयी विचारायला संकोचतात आणि आई सांगायला घाबरते. अशा तऱ्हेने न विचारलेल्या प्रश्नाचे न दिलेले उत्तर कागदावर ‘शून्य’ म्हणून उमटत राहते.

पहिलीचाच वर्ग का?

मग काही संशोधकांनी वाट बदलली. रुग्ण आपल्याकडे येण्याची वाट न पाहता आपणच मुलांकडे जायचे, असे त्यांनी ठरवले. त्यासाठी पहिलीचा वर्ग सोयीचा. जिथे शाळा सक्तीची आहे तिथे गावातली झाडून सारी मुले त्या वर्गात एकत्र सापडतात. सहा-सात वर्षांच्या वयात चेहऱ्याची ठेवण स्पष्ट असते; वयात आल्यावर ती पुसट होऊ लागते. शिवाय या वयात मुलाची स्मरणशक्ती, भाषा, गणित आणि लक्ष देण्याची क्षमता यांच्या चाचण्या घेता येतात.

पद्धत किचकट, पण नेटकी. आधी मुलांची उंची, वजन आणि डोक्याचा घेर मोजायचा. जी लहानखुरी भरतील ती पुढच्या तपासणीसाठी घ्यायची, आणि त्यांच्या जोडीला चिठ्ठ्या टाकाव्यात तशी इतर काही मुलेही निवडायची, म्हणजे धडधाकट दिसणाऱ्यांतलेही कुणी निसटू नये. मग डॉक्टर त्यांचे चेहरे तपासतात, मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेतात. शेवटी आईची मुलाखत. काही पाहण्यांत ही मुलाखत मोठ्या शहाणपणाने रचलेली होती. गरोदरपणात काय खात होतात, दूध किती घेत होतात, अशा जेवणाखाणाच्या प्रश्नांमधूनच दारूचा प्रश्न यायचा. हे सारे एकत्र ठेवून मगच निदान.

अशी एक मोठी पाहणी दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतातल्या द्राक्षमळ्यांच्या एका वस्तीत झाली आणि २००० मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिलीतल्या मुलांत नुसत्या तीव्र विकाराचेच प्रमाण हजारी ४० ते ४६ निघाले. पाहणी करणारेही चक्रावले. पण त्या मातीचा इतिहास ठाऊक असणाऱ्याला तितकेसे नवल वाटू नये. डच वसाहतीच्या काळापासून तिथे ‘डॉप’ नावाची प्रथा होती. मळ्यावरच्या मजुरांना मजुरीचा काही भाग पैशाऐवजी वाइनच्या रूपात, दिवसातून अनेकदा पेला भरून दिला जाई. वर्णभेदाच्या राजवटीत मजूर गोरा नसे आणि मळा त्याचा नसे. त्याच्या वाट्याला उरलीसुरली वाइन येई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कायद्याने ही प्रथा बंद केली, तरी काही मळ्यांवर ती पुढे बरीच वर्षे रेंगाळली. प्रथा गेली, पण पिढ्यान् पिढ्या लागलेली सवय शनिवार-रविवारच्या बेसुमार पिण्याच्या रूपाने मागे राहिली. तिची किंमत पहिलीच्या बाकावर बसलेली मुले मोजत होती.

यावर कुणी म्हणेल, हा तर गरिबीचा आणि गुलामीचा प्रश्न. सुखवस्तू देशांत असे कशाला असेल? म्हणून इटलीचे उदाहरण महत्त्वाचे. रोमच्या आसपासच्या लात्सिओ प्रांतात जेवणाबरोबर बेताने वाइन घेणे ही सुसंस्कृतपणाची खूण. तिथल्या पहिलीतल्या मुलांची याच पद्धतीने पाहणी झाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार विकारांचा सगळा पट्टा धरला तर प्रमाण शंभरात दोन ते चार मुले असे आले.

दोनशे बावीसपैकी दोघे

अमेरिकेतल्या ज्या पाहणीने या विषयाकडे सर्वांचे लक्ष वेधले, ती फेब्रुवारी २०१८ मध्ये ‘जामा’ या तिथल्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. फिलिप मे आणि क्रिस्टिना चेंबर्स हे तिचे प्रमुख. देशाच्या चार निरनिराळ्या भागांतल्या चार वस्त्या त्यांनी घेतल्या. तिथे पहिलीत शिकणाऱ्या १३,१४६ मुलांमधून ६,६३९ मुले पाहणीसाठी निवडली गेली. त्यांतल्या २२२ मुलांना हा विकार असल्याचे निदान झाले.

वस्तीनुसार प्रमाण बदलत गेले. अगदी हात आखडून हिशेब केला तर हजारी ११ ते ५०, म्हणजे शंभरात एक ते पाच. हात आखडून म्हणजे कसे, तर ज्या मुलांची पूर्ण तपासणी होऊ शकली नाही त्यांच्यात एकालाही विकार नाही असे धरून. त्यांच्यातही तेवढेच प्रमाण असेल असे धरले, तर आकडा हजारी ३१ ते ९८ वर जातो. यांतला कोणता आकडा सत्याच्या जवळ आहे यावर वाद होऊ शकतो, होतोही. पालकांच्या संमतीवर आणि आईच्या सात वर्षांपूर्वीच्या आठवणीवर उभा असलेला हिशेब काटेकोर असूच शकत नाही. परंतु त्यातला सर्वांत लहान आकडा घेतला तरी तो त्याआधी सर्रास सांगितल्या जाणाऱ्या हजारी दहाच्या अंदाजापेक्षा कमी नाही. तुलनेसाठी सांगायचे तर, त्याच वर्षी अमेरिकी सरकारने स्वमग्नतेचे, म्हणजे ऑटिझमचे प्रमाण ५९ मुलांमागे एक असे जाहीर केले होते. ऑटिझमविषयी घरोघर बोलले जाते. त्याच्या बरोबरीने आढळणाऱ्या या विकाराचे नाव मात्र कित्येक शिक्षकांनीही ऐकलेले नसते.

पण या पाहणीतला खरा चटका लावणारा आकडा वेगळाच आहे. विकार सापडलेल्या २२२ मुलांपैकी आधी निदान झालेली मुले होती फक्त दोन. उरलेल्या २२० मुलांचे आईबाप किंवा पालक आंधळे नव्हते. आपल्या मुलाला शिकायला जड जाते, ते चिडते, विसरते, हे त्यांतल्या अनेकांना दिसत होते. त्या दिसण्याला नाव मात्र नव्हते. आणि नाव नसले, की मुलाच्या वाट्याला मदतीऐवजी शिक्षा येते.

नाव वेळेवर मिळाल्याने काय फरक पडतो, हे सिएटलच्या मानसशास्त्रज्ञ ॲन स्ट्राइसगुथ यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. या विकाराच्या चारशेहून अधिक व्यक्तींचा त्यांनी अभ्यास केला. बारा वर्षांवरील दहापैकी सहा जणांचे शिक्षण शाळेतून काढले जाणे, गळती यांमुळे विस्कळीत झालेले होते. साधारण तेवढेच कधी ना कधी पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यात सापडलेले. मात्र ज्यांचे निदान लहानपणी, सहा वर्षांच्या आत झाले होते आणि ज्यांना स्थिर, प्रेमळ घर मिळाले होते, त्यांची वाताहत पुष्कळ कमी होती. मेंदूची इजा भरून येत नाही, हे खरे. पण तिच्यामागून येणारी फरपट अटळ नाही, हेही तितकेच खरे.

आईच्या पदरात माप घालण्याआधी

इथवर वाचून काहींच्या मनात आले असेल, की दोष उघडच आईचा आहे. इतके सोपे ते नाही. जगभरच्या अभ्यासांची गोळाबेरीज करून २०१७ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, गरोदरपणात दारू घेतलेल्या तेरा बायकांमागे एकीच्या मुलाला हा विकार होतो. म्हणजे बारा जणींची मुले त्यातून सुटतात. ज्या एकीचे मूल सापडते ती केवळ जास्त प्यायलेलीच असते असे नाही. बाई अंगाने किती लहानखुरी आहे, तिला पोटभर अन्न मिळते का, आधी किती बाळंतपणे झाली आहेत, तिचे वय काय, या साऱ्यांचा परिणाम होतो. जुळ्या भावंडांतही, ती एकसारखी दिसणारी नसतील तर, एकाला विकार होऊन दुसरे बचावल्याची उदाहरणे आहेत. एकच आई, एकच पेला, आणि दोन निराळी नशिबे! म्हणूनच ‘एवढी चालते’ असे माप कुणी देऊ शकत नाही. ब्रिटनमध्ये आधी आठवड्यातून एक-दोनदा एखाद-दुसरे माप चालेल असे सांगितले जाई. २०१६ पासून तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनीही गरोदरपणात अजिबात न पिणेच बरे, असा सल्ला दिला आहे.

दोष देण्याने आणखी एक तोटा होतो. लाजेपोटी आई खरे सांगत नाही, आणि तिने सांगितले नाही तर चेहऱ्यावर खूण नसलेल्या मुलाचे निदानच अडते. याउलट काय घडू शकते, ते ऑस्ट्रेलियाच्या फिट्झरॉय खोऱ्यातल्या आदिवासी बायकांनी दाखवले. दारूने आपल्या वस्त्या पोखरल्या जात आहेत हे पाहून जून ऑस्कर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी २००७ मध्ये लढून बाहेर नेण्याच्या कडक दारूच्या विक्रीवर निर्बंध आणवले. मग त्यांनीच डॉक्टरांना बोलावले आणि सांगितले, आमची मुले तपासा. त्या पाहणीला नाव दिले ‘लिलिलवान’, म्हणजे सारी चिमुकली. निष्कर्ष जड होता: शंभरात सुमारे एकोणीस मुले. पण तो बाहेरून कुणी मारलेला शिक्का नव्हता. मुलांना मदत मिळावी म्हणून समाजाने स्वतःहून मागितलेला तो हिशेब होता.

आणि आकडे खालीही येतात. दक्षिण आफ्रिकेतल्या डी आर या रेल्वे जंक्शनच्या गावात पहिलीतल्या मुलांमध्ये हे प्रमाण हजारी ११९ भरले होते. तिथे गावभर जागृती आणि गरोदर बायकांना व्यक्तिशः आधार असे दुहेरी काम झाले. कामाच्या आधी जन्मलेल्या बाळांत शंभरामागे जवळपास नऊ जणांत विकार आढळला होता. कामानंतर जन्मलेल्यांत ते प्रमाण सहाच्या आत आले.

आपल्या घराचे काय?

आपल्याकडे बायका पितात कुठे, असे म्हणून हा विषय बाजूला सारणे सोपे आहे. २०१९ ते २१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतातल्या पंधरा वर्षांवरील बायकांपैकी सव्वा टक्क्याच्या आसपास बायकांनी आपण दारू घेतो असे सांगितले. महाराष्ट्रात हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी, तर गोव्यात साडेपाच टक्के. पुरुषांचा देशाचा आकडा मात्र जवळपास एकोणीस टक्के. बायकांचे आकडे लहान आहेत, ही चांगलीच गोष्ट. पण दारात आलेल्या परक्या माणसाला, सासू शेजारी बसलेली असताना, किती बायका ‘हो’ म्हणतील याचाही विचार करावा. आणि सरासरी ही नेहमी फसवी असते. जिथे मोहाची दारू देवाच्या कार्यापासून बारशापर्यंत सर्वांच्या हाती जाते तिथली गोष्ट वेगळी, आणि जिथे शनिवारी मित्रमंडळींत ग्लास हाती घेणे सहज मानले जाते त्या शहरी घराची वेगळी. दोन्हीकडे दिवस गेल्याचे कळेपर्यंतचे पहिले आठवडे सारखेच नाजूक.

अमेरिकेत १९८९ पासून दारूच्या प्रत्येक बाटलीवर गरोदर स्त्रियांसाठी इशारा छापला जातो. फ्रान्समध्ये २००७ पासून छोटे चित्र असते. आपल्याकडच्या बाटलीवर २०१९ पासून जो सक्तीचा इशारा आहे, तो आरोग्याला अपाय होतो आणि पिऊन वाहन चालवू नका असे सांगतो. तो चालकाला सावध करतो, होणाऱ्या आईला नाही.

शाळेपुरते म्हणाल, तर अशा मुलासाठी लागणारे उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. एका वेळी एकच सूचना द्यावी, तीही थोड्या शब्दांत. रोजचा क्रम शक्यतो बदलू नये. शिकवलेले पुन्हा पुन्हा शिकवावे आणि विसरले म्हणून रागावू नये. चित्राने, हाताने करून दाखवावे. गोंगाटापासून दूर, पुढच्या बाकावर जागा द्यावी. मूल मुद्दाम करत नाही, त्याला जमत नाही, एवढा फरक मनाशी पक्का झाला की निम्मे काम होते. हा विकार नसून दुसरेच काही असले तरी या वागणुकीने कोणत्याही मुलाचे नुकसान होत नाही. निदान करायचे काम डॉक्टरांचे. बाईंनी आणि आईबापांनी नोंद ठेवून वेळेवर त्यांच्याकडे जावे.

गर्भातले मूल ऐकते हे अभिमन्यूच्या गोष्टीपासून आपण मानत आलो आहोत. म्हणूनच होणाऱ्या आईने काय खावे, काय वाचावे, कुणाचे दर्शन घ्यावे याचे सल्ले तिला कमी पडत नाहीत. पण ती एकटी घरात राहत नाही. नवऱ्याने रोज बाटली उघडायची आणि तिने मात्र मन आवरायचे, ही वाटणी टिकत नाही. जिथे नवरा पितो तिथे बायकोच्या पिण्याची शक्यता वाढते, हे दक्षिण आफ्रिकेच्या मळ्यांवरही दिसले. डोहाळे एकीला लागतात, पण ते पुरवणे साऱ्या घराचे काम मानले जाते. तोच न्याय इथेही लावावा. पहिल्या तपासणीला नर्सबाईंनी दारूचा प्रश्न वजन-रक्तदाबाइतक्याच सहजपणे विचारावा, बरोबर आलेल्या नवऱ्यालाही विचारावा, आणि ते नऊ महिने घरात कुणीच पेला भरू नये.